माई, तुझं नाव पण खोडतील का?

‘प्रिय ताई,
माझी जोडीदार आणि मी 14 वर्षांपासून एकत्र राहतो. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला जन्म माझ्या जोडीदाराने दिला. मुलगी तिला आई म्हणते आणि मला माई. काही महिन्यांपूर्वी मी फोनवर इटलीतली एक जुनी बातमी ऐकत होते. दोन आया असलेल्या मुलांच्या जन्मनोंदीतून एका आईचे नाव काढून टाकण्याची मागणी सरकारी वकिलांनी केली होती. लेक मागे उभी आहे हे मला कळलेच नाही. तिने विचारले, “माई, तुझं नाव पण खोडतील का?” मी “छे, असं काही नसतं” म्हणून विषय बदलला. खरे म्हणजे तिच्या कागदावर माझे नाव कधी नव्हतेच. तेव्हापासून मी घरात बातम्या लागू देत नाही. मध्यंतरी तिने शाळेत कुटुंबाचे चित्र काढले, त्यात मी नव्हते. जोडीदार म्हणते, “तू बातम्याच बघू नकोस, आपलं सगळं नीट चाललंय.” मी मात्र ती झोपल्यावर तासन्‌तास वाचत बसते. माझे कुठे चुकते आहे?
– एक माई’

प्रिय माई,

लेकीला दिलेले उत्तर खरे नव्हते, ही बोचणी तुमच्या पत्रात सर्वांत खोल आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तिचा प्रश्न इटलीबद्दल नव्हता. तुला माझ्यापासून कोणी वेगळे करू शकते का, एवढेच तिला हवे होते, आणि हे शब्दांत मांडायला नऊ वर्षांच्या मुलीला केवढे धैर्य लागले असेल ते आधी लक्षात घ्या. असा प्रश्न मुले बहुतेकदा एकदाच विचारतात. मोठ्यांचा चेहरा उतरला किंवा विषय बदलला की ती पुन्हा विचारत नाहीत, मनातल्या मनात स्वतःच उत्तर रचतात, आणि ते रचलेले उत्तर वस्तुस्थितीपेक्षा पुष्कळ भयंकर असू शकते.

चित्रातून तुम्ही गळालात याचे दुःख मी समजू शकते. पण तिने तुम्हाला नाकारले, असा अर्थ लगेच लावू नका. वर्गात कोणी काही विचारू नये म्हणून तिने ते केले असेल. जे नाव उद्या खोडले जाऊ शकते ते आज न लिहिलेलेच बरे, असेही तिला वाटले असेल. कारण तिच्याकडेच आहे. “तू मला का काढले नाहीस?” हा प्रश्न तिला अपराधी करेल. त्याऐवजी चित्र समोर ठेवून “मी यात असते तर कुठे उभी राहिले असते?” असे विचारा आणि ती बोलेल तेवढेच ऐका.

आता त्या बातमीकडे येते, कारण तुमच्या लेकीने ऐकला तो तिचा पहिलाच भाग होता. 2023 च्या सुरुवातीला इटलीच्या गृहमंत्रालयाच्या परिपत्रकानंतर मिलानसारख्या शहराने अशा मुलांच्या नोंदीत दोन्ही पालकांची नावे घालणे थांबवले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पादुआ शहरातल्या सरकारी वकिलांनी 2017 पासून झालेल्या 33 जन्मनोंदींना आव्हान दिले. हे जगभर छापून आले. पुढचे त्या मानाने फार कमी लोकांपर्यंत पोहोचले: मार्च 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने वकिलांचे अर्ज फेटाळले, आणि मे 2025 मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने असा निर्णय दिला, की दोन स्त्रियांनी मिळून परदेशात कायदेशीर वैद्यकीय उपचारांनी मूल होऊ देण्याचे ठरवले असेल, तर इटलीत जन्मलेल्या त्या मुलाच्या नोंदीत जन्म न देणाऱ्या आईला स्थान नाकारणे घटनेत बसत नाही. तुम्ही दार बंद केलेत ते पहिल्या भागानंतर, त्यामुळे तुमची लेक आजही त्या पहिल्या भागातच राहते आहे. उरलेला भाग तिला सांगणे हे तुमचे पहिले काम आहे.

अर्थात प्रत्येक बातमीचा शेवट असा होत नाही, आणि तसे तिला भासवूही नका. 17 ऑक्टोबर 2023 रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, आणि अशा जोडप्यांना एकत्रितपणे मूल दत्तक घेण्याचा हक्कही तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारला. दोन आया असलेल्या कितीतरी घरांत त्या दिवशी मुलांसमोर नेहमीसारखे वागणे आयांना जड गेले असेल. अशा वेळी मुलांना सांगता येते ते इतकेच, की कायद्याला आपले घर अजून ओळखता आलेले नाही, ते त्याला सांगणारी पुष्कळ माणसे आहेत, आणि तोवर मोठ्यांनी काय करून ठेवले आहे.

हे ‘काय करून ठेवले आहे’ तुमच्या पत्रात कुठेच आढळले नाही, म्हणून थोडे कडक बोलते. माझा मुलगा चार वर्षांचा असताना तापाने फणफणला होता आणि एका रुग्णालयाच्या दारात मला विचारण्यात आले, “मुलाच्या आई कुठे आहेत?” माझी जोडीदार परगावी होती, माझ्याकडे एकही कागद नव्हता, आणि ती येईपर्यंत दीड तास तो आत आणि मी बाहेर होते. त्यानंतर आम्ही वकिलाकडून उपचारांचे संमतिपत्र करून घेतले, आमच्यामागे मुलाचा सांभाळ कोणी करावा हे मृत्युपत्रात लिहिले, शाळेतही माझे नाव लेखी नोंदवले. मुलगा सहा वर्षांचा झाला तेव्हा त्याला हे सगळे सांगितले. तो घाबरला नाही. ते कागद कोणत्या कप्प्यात ठेवले आहेत, हे मात्र त्याने पाहून ठेवले.

तुम्ही राहता तिथे जोडीदाराचे मूल दत्तक घेण्याची तरतूद असेल, तर तो मार्ग आधी तपासा. जन्मनोंदीपेक्षा न्यायालयाचा आदेश अधिक टिकाऊ असू शकतो. अमेरिकेत एका आईने जॉर्जिया राज्यात आपल्या जोडीदाराची मुले रीतसर दत्तक घेतली होती. दोघी वेगळ्या झाल्यावर अलाबामाच्या न्यायालयाने ते दत्तक मानायचे नाकारले, तेव्हा मार्च 2016 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानावेच लागेल असा आदेश दिला. परदेश प्रवास किंवा स्थलांतर मनात असेल तर दोन्हीकडचे नियम पाहून घ्या. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये एका प्रकरणात, सदस्य देशांनी दोन आयांच्या मुलाचे दोघींशी असलेले नाते निदान मुक्त संचारासाठी तरी मान्य केले पाहिजे, असे म्हटले. पण प्रत्येक देश आपल्या कौटुंबिक कायद्यात ते मानेलच, असा त्याचा अर्थ होत नाही. तुमच्या ठिकाणी नेमके काय लागू आहे, ते कौटुंबिक कायद्याची माहिती असलेल्या वकिलालाच विचारा, आणि या महिन्यातच विचारा.

यातून बातम्या कशा वाचायच्या याचेही उत्तर मिळते. ज्या बातमीमुळे तुमच्या घरातला एखादा कागद बदलावा लागेल, ती दिवसा, जोडीदारासोबत, शेवटपर्यंत वाचावी. वादविवादाच्या कार्यक्रमात अनोळखी माणसे आपापसात ‘अशी मुले’ म्हणून जे बोलतात, ते रात्री दोन वाजता ऐकून तुमच्या लेकीचे काडीचेही रक्षण होत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याला थकलेली माई येते. त्या माणसांना उत्तर म्हणून माहिती हवी असेल तर ती आहे. अमेरिकेत 1986 साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात लेस्बियन आयांच्या मुलांचा जन्माआधीपासून मागोवा घेतला गेला. ती मुले 25 वर्षांची झाल्यावरचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या मानसिक आरोग्यात इतर समवयस्कांच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच अभ्यासातली, मुले दहा वर्षांची असतानाची एक नोंद मला अधिक मोलाची वाटते. हेटाळणीचा त्रास मुलांना होत होताच. पण ज्यांच्या शाळेत अशा कुटुंबांबद्दल शिकवले जात होते आणि ज्यांच्या आया आपल्यासारख्या इतर स्त्रियांच्या सहवासात होत्या, त्या मुलांवर त्याचा परिणाम कमी होत होता. तुमच्या पत्रात तुमच्यासारखे दुसरे एकही घर नाही. तुमच्या लेकीने दुसऱ्या दोन आयांना आपल्या मुलांवर ओरडताना, त्यांचे केस विंचरताना, गृहपाठावरून वाद घालताना पाहिले पाहिजे.

पुस्तकांचेही तेच. मुलांच्या पुस्तकातले साधे घरसुद्धा किती भय निर्माण करू शकते, हे ब्रिटनने पाहिले आहे. दोन पुरुषांसोबत राहणाऱ्या एका लहान मुलीच्या चित्रपुस्तकावरून तिथे गदारोळ झाला, आणि 1988 च्या कायद्यात अशा घरांना ‘कौटुंबिक नात्याचे सोंग’ अशा अर्थाच्या शब्दांत हिणवणारे आणि ती स्वीकारार्ह आहेत असे शाळांत शिकवण्याला आडकाठी करणारे एक कलम आले. स्कॉटलंडमध्ये ते कलम 2000 साली आणि इंग्लंड व वेल्समध्ये 2003 साली रद्द झाले. मधल्या काळात तिथल्या शिक्षकांची एक पिढी या विषयावर गप्प राहिली. तुम्ही घरात जी शांतता पाळता आहात, ती लेकीला तशाच गप्प बसलेल्या वर्गासारखी वाटत असेल. म्हणून तिला अशी पुस्तके आणून द्या ज्यांत दोन आया आहेत आणि गोष्ट भलत्याच कशाची, हरवलेल्या मांजराची किंवा पोहायला शिकण्याची आहे.

जोडीदाराबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण मला तुमच्या अडचणीचा गाभा तिथे दिसतो. “सगळं नीट चाललंय” असे त्या मनापासून म्हणत असतील, कारण त्यांचे नाव कागदावर आहे. तीच बातमी तुम्ही दोघी एका खोलीत बसून ऐकलीत तरी ती दोघींना सारखी ऐकू येणार नाही, आणि यात त्यांचा दोष नाही. त्यांना हे कोणी सांगितलेलेच नाही. वकिलाकडे जाण्याची गोष्टही तुम्ही एकटीने काढली तर ती अविश्वासासारखी वाटेल. तेव्हा लेकीशी बोलण्याआधी त्यांच्याशी बोला, आणि शब्द सापडत नसतील तर मला पाठवलेले हे पत्रच त्यांच्या हातात द्या. “तिच्या कागदावर माझे नाव कधी नव्हतेच” हे वाक्य त्यांनी तुमच्यासमोर बसून वाचू दे.

तुमची,
ताई