आर्मेनियन मजुरांनी कॅलिफोर्नियाला बेदाणे करायला शिकवले, हे खरे आहे का?

अर्धंच खरं आहे. मी मूळचा तासगावकडचा, सध्या कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळ नोकरीला, त्यामुळे हा दावा अधूनमधून कानावर येतो. फ्रेस्नोत बेदाण्याच्या बागा 1870 च्या दशकातच लागल्या होत्या. तुर्कस्तानातल्या मर्झिफोनचे आर्मेनियन सेरोपियन बंधू इथे पोचले 1881 मध्ये. त्यांच्यामागून आलेली माणसं आधी बागांत आणि पॅकिंग हाउसमध्ये रोजंदारीवर राबली, मग जमेल तशी जमीन घेत गेली. शहरात मात्र काही वस्त्यांच्या खरेदीखतांतच ‘आर्मेनियनांना विकू नये’ अशी अट असायची!

सुकवायची पद्धत इथली साधीच. थॉम्पसन जातीच्या द्राक्षांचे घड तोडून दोन ओळींमधल्या जमिनीवर ट्रेमध्ये पसरायचे आणि दोन-तीन आठवडे उन्हात ठेवायचे. आपण डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटमध्ये बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर सुकवतो, म्हणून आपला माल हिरवट-पिवळा आणि इथला काळपट.

आर्मेनियनांची खरी गावाकडची विद्या घरात होती, बहुतेक बायकांच्या हातात. वसंतात शेंड्याकडची कोवळी पानं खुडायची, तीही गंधक मारायच्या आत. ती मिठाच्या पाण्यात मुरवली की वर्षभर डोल्म्याची, म्हणजे पानांत सारण गुंडाळून करायच्या पदार्थाची, सोय. थॉम्पसनचं पान पातळ, त्याला लव नाही, म्हणून तेच पसंत.

द्राक्षाचा रस आटवून, पीठ लावून घट्ट करायचा आणि धुतलेल्या चादरीवर पातळ थापून उन्हात वाळवायचा. हा बास्तेघ, आपल्या आंबापोळीचा भाऊच म्हणा. गंमत सोडवण्यात आहे: चादर उलटी करून मागून पाण्याचा हात फिरवायचा, मग अख्खी पोळी न फाटता सुटून येते. त्याच रसात दोऱ्यात ओवलेले अक्रोड पुन्हापुन्हा बुडवून टांगले की रोजिक तयार.

बागा मात्र सगळ्यांच्या टिकल्या नाहीत. 1920 नंतर बेदाण्याचा भाव कोसळला आणि कर्ज काढून जमीन घेतलेले कित्येकजण बुडाले.

दह्याचं विचारलं असतंत तर मी इतके आढेवेढे घेतले नसते. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला कोलोम्बोसियन या आर्मेनियन जोडप्यानं 1929 मध्ये घरचं दही, त्यांच्या भाषेत मादझून, विकायला सुरुवात केली. पुढे त्याचाच ‘कोलोम्बो’ हा ब्रँड झाला.