बोटीच्या बॅटरीला कुजक्या अंड्यांचा वास

प्रश्न : गंगापूर धरणावर आमची छोटी मोटरबोट आहे. पावसाळ्यात काठावर ओढून ठेवतो. परवा बॅटरी बोटीतच ठेवून जुन्या चार्जरला रात्रभर लावली. सकाळी कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता आणि बॅटरी चांगलीच तापली होती. पाणी घालून वापरू का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : पाणी राहू द्या, ती बॅटरी गेली म्हणून समजा. आतला एखादा सेल बसला की जुना चार्जर थांबत नाही, ॲसिड उकळतं आणि हा वास सुटतो. तो वायू विषारी असतो. पुन्हा आला तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा आणि लांब व्हा. गार होईपर्यंत हात लावू नका.

चिमटे मात्र चालू चार्जरवर कधी काढू नका. सातपूरला माझं बॅटरीचं दुकान होतं तेव्हा घाईत मी तेच केलं. ठिणगी पडली, झाकण उडालं. चष्म्यामुळे डोळे वाचले. शर्टाला काही झालं नाही म्हणून खूश होतो, पण धुतल्यावर त्याची चाळणी झाली! चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी भडकतो. तो वर साठतो, पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी बसते. म्हणून बॅटरी बोटीत चार्ज करायचीच नाही. आधी निगेटिव्ह वायर सोडा, मग पॉझिटिव्ह, आणि बाहेर मोकळ्या पडवीत आणा.

नवी घ्याल तेव्हा चार्जरही बॅटरी भरत आली की करंट आपोआप कमी करणारा घ्या. शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीला दहा अँपिअर पुरे. पावसाळ्याआधी पूर्ण चार्ज करा आणि महिन्यातून एकदा मीटर लावा. चार्जर काढून काही तासांनी १२.६ व्होल्ट दिसले तर उत्तम, १२.४ च्या खाली गेलं तर पुन्हा चार्ज करा. उतरलेली तशीच ठेवलीत तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. गेल्या वर्षी कुणाकुणाच्या बॅटऱ्या अशाच गेल्या असतील!

पाणी डिस्टिल्डच हवं, आरओच्या जारचं नको. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतं आधी घाला, बाकीचं चार्ज झाल्यावर. काठोकाठ भरून चार्ज केलंत तर ॲसिड बाहेर येतं. सांडलंच तर खाण्याचा सोडा टाका.

जुनी बॅटरी भंगारात फेकू नका, दुकानदार नवीच्या किमतीत वजावट देतो.