पालक-स्तंभाची उतरंड आणि रिकर्सिव्ह क्वेरी

आपल्या खातेशीर्षांच्या डेटाबेस-तक्त्यात प्रत्येक ओळीजवळ तिच्या पालकाचा, म्हणजे वरच्या पातळीवरील शीर्षाचा, क्रमांक आहे, तेव्हा सगळी उतरंड काढण्यासाठी प्रत्येक पातळीला नवा जॉइन (ओळींची जोडणी) लिहीत बसू नका. ही उतरंड, म्हणजे शीर्षांचे झाड, किती खोल जाईल हे आधी ठाऊक नसते. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल भाषेच्या एसक्यूएल:१९९९ या मानकातील विथ रिकर्सिव्ह (स्वतःचाच निकाल पुन्हा वापरणारी क्वेरी) याच कामासाठी आहे आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्येही ते ८.० आवृत्तीपासून मिळते.

या क्वेरीचे दोन भाग असतात. पहिला भाग मूळ ओळ निवडतो. दुसरा भाग नुकत्याच मिळालेल्या ओळींची मुले तक्त्यातून शोधतो आणि नवी ओळ मिळेनाशी होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालतो. दुसऱ्या भागाला प्रत्येक वेळी फक्त मागच्या फेरीतल्या ओळी दिसतात, आजवर जमलेला सगळा साठा नव्हे, हे नीट समजून घ्या. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

खरी काळजी चक्राची घ्यावी. चुकून एखादे शीर्ष स्वतःच्याच वंशजाचे मूल म्हणून नोंदले गेले, तर दोन भाग युनियन ऑलने (सगळ्या ओळी ठेवणाऱ्या जोडणीने) जोडणारी क्वेरी स्वतःहून थांबत नाही. नुसते युनियन पुनरावृत्त ओळी गाळते खरे, पण पातळीचा आकडा सोबत ठेवला की प्रत्येक ओळ वेगळी ठरते आणि ते संरक्षण नाहीसे होते. म्हणून पार केलेल्या क्रमांकांची यादी ॲरेत (एकाच रकान्यातल्या यादीत) जपावी आणि त्यात आधीच असलेला क्रमांक पुन्हा घेऊ नये. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये १४ व्या आवृत्तीपासून त्यासाठी सायकल हे कलमच आहे. प्रत्येक फेरीत मुले पालकाच्या क्रमांकावरून शोधली जातात, म्हणून पालक-स्तंभावर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) मात्र आजच तयार करा.