लेथवर टेपर येतोय? आधी पाय बघा

प्रश्न: घरामागच्या पडवीत, शहाबादी फरशीवर, जुना साडेचार फुटी लेथ (लोखंड फिरवत कापायचं यंत्र) बसवलाय. पंपाचा शाफ्ट करायला 25 मिमीचा ब्राइट बार नुसता चकमध्ये (फिरणाऱ्या पकडीत) धरला, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) लावला नाही, तर 150 मिमी लांबीत बाहेरचं टोक 0.08 मिमीने जाड, म्हणजे टेपर येतंय. मिस्त्री म्हणतो हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) सरकलाय, खोलावा लागेल. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: दादा, हेडस्टॉकला सध्या कुणालाही हात लावू देऊ नका. माझ्या पहिल्या लेथचा हेडस्टॉक असाच एका कारागिराने ढिला केला आणि तो परत लाइनमध्ये आणता आणता माझा अख्खा पावसाळा गेला, खोट निघाली पायाखाली.

25 चा बार 150 मिमी बाहेर काढला की टूलच्या दाबाने टोकाकडे वाकतो आणि टोक जाडच येतं, त्यात मशीनचा दोष किती ते कळतच नाही. म्हणून 40 मिमीचा बार घ्या, तेवढाच बाहेर ठेवा, दोन्ही टोकांना 15-15 मिमीच्या कॉलर (जाड पट्टे) सोडून मधला भाग खोल उतरवा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल नीट धार लावून, बरोबर सेंटर हाइटला, स्पीड 240 आरपीएमच्या आसपास, आणि शेवटचा कट फक्त 0.1 मिमीचा, क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर नेणारी) मध्ये अजिबात न हलवता दोन्ही कॉलरवरून. मग मायक्रोमीटर लावा, व्हर्निअरवर भरवसा नको.

अजूनही बाहेरची कॉलर जाड असेल तर बहुतेक बेडला (टूल ज्यावरून सरकतं त्या पाटाला) पीळ बसलाय. शहाबादी फरशी कुठेच सपाट नसते, चौथा पाय अधांतरी राहतो आणि आपण बोल्ट आवळून तो खाली ओढतो, तिथेच बेड पिळतो. बोल्ट ढिले करा, प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी सरकते का बघा, जिथे सरकते तिथे आधी शिम (पातळ पत्रा) भरा. मग परत आवळून परत कॉलर कापा. तरी बाहेरची जाड आली तर टेलस्टॉककडचा, तुम्ही उभे राहता त्या बाजूचा पाय उचलायचा, म्हणजे टूल त्या टोकाला जॉबच्या, म्हणजे कापायच्या बारच्या, जवळ जातं. बारीक आली तर मागचा पाय. एका वेळी 0.1 मिमीचीच शिम घाला, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण तेवढाच असतो, ट्रायलला चालतो. सुताराची पाणसळ इथे उपयोगाची नाही, मशीनची लेव्हल मीटरला 0.02 मिमी दाखवणारी लागते, ती नसेल तर ही कॉलरच तुमची लेव्हल.

टेलस्टॉकचा नंबर यानंतर. दोन सेंटरमध्ये (दोन्हीकडच्या टोकदार आधारांत) धरून टेलस्टॉककडे 0.08 जाड आलं तर टेलस्टॉक आपल्याकडे निम्मं, म्हणजे 0.04 सरकवायचा. हा क्रम उलटा केला की एक चूक दुसरीला झाकते आणि बोरिंग (भोक आतून कापणं) करताना टेपर परत डोकं वर काढतो.

प्रश्न: उसाच्या चरकासाठी गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) केला. टेबलावर शाफ्ट मस्त सरकत होता, हाउसिंगमध्ये प्रेस केल्यावर आत जातच नाही. आता पॉलिश पेपर मारू का?
– एक वाचक, बारामती

उत्तर: पॉलिश पेपर नको, प्लीज! त्याचे कण मऊ गनमेटलमध्ये रुतून बसतात आणि मग बुशच शाफ्ट खायला लागतो. तुमचं माप चुकलेलं नाही, बुश बाहेरून जेवढा दाबला जातो जवळपास तेवढंच त्याचं भोक आवळतं. शाफ्ट हातोडीने ठोकू नका. बुश तिथेच राहू द्या आणि ॲडजस्टेबल हँड रीमर (भोक थोडं थोडं मोठं करायचं हत्यार) हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवत काढा, उलटा फिरवलात तर रीमरची धार जाते. 25 मिमी शाफ्टला 0.05 मिमी मोकळीक पुरे. पुढच्या वेळी भोक 0.2 मिमी कमी ठेवूनच प्रेस करा आणि रीमिंग जागेवर करा. तेलाचं भोक हाउसिंगच्या भोकाशी जुळतंय ना हे मात्र प्रेस करायच्या आधी मार्करने खूण करून बघा, एकदा बुश बसला की तो फिरवता येत नाही.