फ्लोरिडात जुनी क्रूझिंग बोट घ्यायची आहे. नांगर टाकून रात्रभर एसी चालेल अशी बोट कशी निवडावी?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून लिहायला बसलो. तुम्ही लिहिलंय की बजेट 90 हजार डॉलर आहे, 36 ते 40 फुटांची बोट हवी आहे, उन्हाळ्यात भारतातून आईवडील येणार आहेत आणि एक बोट जवळपास पसंत पडली आहे, कारण तिच्यावरचा 8 किलोवॉटचा डिझेल जनरेटर 'फक्त 180 तास' चाललेला आहे. नेमक्या याच कारणासाठी मी ती बोट सोडून दिली असती. सोडवत नसेल, तर जनरेटरची किंमत शून्य धरून भाव केला असता.

मी देवगडचा. 14 वर्षं व्यापारी जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, आता फ्लोरिडात स्टुअर्टजवळ राहतो. साडू आणि मी मिळून 2016 च्या फेब्रुवारीत एक ट्रॉलर घेतली. मासेमारीची नव्हे, त्या धाटणीची, राहायची सोय असलेली संथ बोट. 36 फुटी, तैवानमध्ये बांधलेली, 1987 सालची. दोन एसी: झोपायच्या केबिनला 12 हजार बीटीयूचा (म्हणजे एक टनाचा) आणि सलूनला, म्हणजे बैठकीच्या खोलीला, 16 हजारांचा. जनरेटर डिझेलचा, 8 किलोवॉट. मीटरवर तास किती? 212. साडू म्हणाले, "अरे, एकोणतीस वर्षांत दोनशे बारा तास! कोरा करकरीत आहे हा."

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. जहाजावर इमर्जन्सी जनरेटर असतो. ब्लॅकआउट झाला की 45 सेकंदांच्या आत त्याने आपोआप सुरू होऊन लोड घ्यायचा, असा नियमच आहे. दर आठवड्याला तो चालवून बघणं हे माझं काम होतं. नुसता सुरू करून पाच मिनिटांत बंद केलेल्या मशीनवर भरवसा ठेवायचा नाही, हे माझ्या पहिल्या चीफ इंजिनिअरने मला दमात घेऊन शिकवलं होतं. डिझेल इंजिन बिनलोडचं चालवलं की पुरतं तापत नाही. अर्धवट जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये ओली काजळी होऊन बसतं, सिलिंडरच्या भिंतींना चकाकी येते आणि पिस्टन रिंगा नीट बसत नाहीत. बोटीवर त्यात खाऱ्या पाण्याची भर. एक्झॉस्ट एल्बोमध्ये, म्हणजे धुराच्या नळीच्या वाकलेल्या तुकड्यात, गरम धूर आणि समुद्राचं पाणी एकत्र येतं, तो आतून कुजत जातो. पाणी खेचणारा रबरी इंपेलर महिनोन्महिने एकाच जागी वाकून राहिला की त्याची पाती कडक होऊन तुटतात. म्हणजे 29 वर्षांत 212 तास चाललेला जनरेटर हा जपलेला जनरेटर नसतो, टाकून दिलेला असतो. 2500 तास चाललेला आणि प्रत्येक तेलबदलाची वहीत नोंद असलेला जनरेटर मी डोळे झाकून निवडेन. 1800 आरपीएमचं डिझेल मशीन नीट सांभाळलं तर पाच-सहा हजार तास सहज काढतं.

पण तेव्हा मी गप्प बसलो. साडू वयाने मोठे, पैसे निम्मे त्यांचे, आणि सर्व्हेअरच्या (खरेदीआधी बोट तपासणाऱ्याच्या) अहवालात 'जनरेटर समाधानकारक चालला' असं लिहिलेलं. तो किती वेळ चालवला होता? दहा मिनिटं. फेब्रुवारीच्या गारव्यात. एसी न लावता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सासूबाई चिपळूणहून आल्या. तेव्हा त्या 74 वर्षांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. दोन्ही जावई, दोन्ही मुली आणि माझा मुलगा, असे सहाजण पेक लेकला गेलो. स्टुअर्टच्या दक्षिणेला, इंट्राकोस्टल वॉटरवेच्या (किनाऱ्याच्या आतून जाणाऱ्या जलमार्गाच्या) कडेला नांगर टाकायची ही झकास जागा आहे. छोट्या होडीने काठावर जाऊन पायवाट ओलांडली की पलीकडे थेट अटलांटिक. तिथे वाळूत कासवांची घरटी बघून सासूबाई हरखल्या. "आमच्या वेळासला अशीच येतात हो," म्हणाल्या. दिवस फार चांगला गेला.

संध्याकाळी साडेसातला जनरेटर लावला, दोन्ही एसी सुरू केले. चाळीस मिनिटांनी जनरेटर आपोआप बंद झाला, इंजिन तापलं म्हणून. थंड होऊ दिला, परत लावला, दहा मिनिटांत पुन्हा बंद. मी खाली उतरलो. समुद्राच्या पाण्याची गाळणी साफ होती, सी-कॉक (बोटीच्या तळातून समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) उघडा होता. इंपेलर काढून पाहिला तर नवाकोरा, सगळी पाती शाबूत. तेवढ्यात वरून बायकोने हाक मारली, "आईला गरगरतंय." मी वर धावलो. केबिनमध्ये वारा नाही, खिडक्यांना जाळ्या नाहीत, भिंती दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या. त्यांना डेकवर आणलं, ओला पंचा मानेवर ठेवला. "अहो, मला काही होत नाही, तुम्ही तुमचं काम बघा," असं त्या म्हणत होत्या, पण चेहरा पांढरा पडला होता.

इकडे साडूंनी स्टार्टरचं बटण धरून ठेवलं होतं. एकदा, दोनदा, सात-आठ वेळा. मग खालून 'टक्' असा आवाज आला आणि इंजिन फिरेनासं झालं.

बोट घेण्याआधी एवढी एक गोष्ट शिकून घ्या. स्टार्टर इंजिन फिरवतो तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो. इंजिन सुरू झालं नाही तर ते पाणी बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. पाणी मफलरमध्ये (धुराचा आवाज दाबणाऱ्या डब्यात) साठतं, मफलर भरला की उलटं एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन जागेवर अडतो. म्हणून जनरेटर दोन-तीन प्रयत्नांत सुरू झाला नाही तर आधी सी-कॉक बंद करायचा, मगच पुढचा प्रयत्न, आणि इंजिन सुरू झालं की लगेच उघडायचा. साडूंना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. हा दोष माझा आहे, मी तो कधी नाकारला नाही.

रात्री एकला नांगर उचलला. मुख्य इंजिन धड होतं, पण त्यावर एसी चालेल अशी सोय बोटीवर नव्हती. सेंट लुसी इनलेट या समुद्राकडच्या खाडीच्या तोंडाशी वाळू सारखी सरकते, तिथून अंधारात टॉर्च मारत मारत मॅनेटी पॉकेट या आडोशाच्या बंदरात आलो. धक्क्यावरच्या 30 अँपिअरच्या विजेवर एसी लावला. सासूबाई पहाटे चारला झोपल्या. मी झोपलो नाही.

खरं नुकसान त्यानंतर झालं. खारं पाणी शिरलेलं इंजिन काही तासांत रिकामं केलं तर वाचतं. इंजेक्टर काढायचे, इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं, तेल दोन-तीनदा बदलायचं आणि लोडवर तापवायचं. पण चूक कुणाची यावरून आमचं वाजलं. साडू म्हणाले, मशीन मुळातच खराब होतं. मी म्हटलं, मशीन बिघडलं होतं, ते मारलं तुम्ही. मेकॅनिकचा खर्च कुणी द्यायचा, इथपर्यंत गेलं. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मेकॅनिक आला तेव्हा रिंगा गंजून चिकटल्या होत्या. त्याने हीट एक्स्चेंजरचं (समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड करणाऱ्या भागाचं) झाकण काढलं आणि आतून रबराचे नऊ तुकडे माझ्या हातावर ठेवले. जुन्या इंपेलरांची पाती. आधीच्या मालकाने नवा इंपेलर बसवला, पण तुटलेली पाती कुठे गेली हे शोधलं नाही. निम्मं पाणी अडलेलं होतं. फेब्रुवारीच्या गार पाण्यात, बिनलोड, दहा मिनिटांसाठी निम्मं पाणी पुरतं. ऑगस्टमध्ये पाणी 30 अंशांच्या आसपास असतं, त्यात दोन एसींचा लोड. तिथे पुरत नाही.

सलूनची जमीन कापून जुना जनरेटर बाहेर काढावा लागला. नवा बसवून सगळा खर्च 16 हजार डॉलरच्या वर गेला. बोट 52 हजारांची होती.

तेव्हा कोणत्या कंपनीची बोट घ्यावी हा प्रश्न मागे ठेवा. ग्रँड बँक्स 36 असो की एखादी साधी तैवानी ट्रॉलर, तीस-चाळीस वर्षांनंतर बोट आधीच्या मालकाने ठेवली तशी असते. मी आधी जनरेटरजवळ बसून बघेन: इंपेलर, फिल्टर, हीट एक्स्चेंजरचं झाकण, एल्बो, या सगळ्याला हात पोचतो का? जिथे हात पोचत नाही तिथली देखभाल कुणीही केलेली नसते. पेट्रोलचा जनरेटर असेल तर बोट बघायलाही जाऊ नका. अमेरिकेतल्या लेक पॉवेल या तलावावर हाउसबोटींच्या पेट्रोल जनरेटरच्या धुराने, कार्बन मोनॉक्साइडने माणसं मेली. 2000 च्या सुमारास त्याची सरकारी चौकशीही झाली. या वायूला वास नसतो.

मग चाचणी. विकणाऱ्याला आधीच सांगा की जनरेटर लावून ठेवू नको, आणि गेल्यावर इंजिनला हात लावून ते गार आहे याची खात्री करा. धक्क्याची वायर काढा. जनरेटर लावा, दोन्ही एसी लावा, त्यावर पाण्याचा हीटर आणि बॅटरी चार्जर. हिवाळ्यात एसी कूलवर चालत नसतील तर हीटवर लावा, कॉम्प्रेसर तोच फिरतो. क्षमतेच्या 70-80 टक्के लोड येऊ द्या आणि दोन तास तिथून हलू नका. रिकामा असताना फ्रिक्वेन्सी 61-62 हर्ट्झ दिसली तरी चालेल, लोडवर 59 च्या खाली उतरू नये. व्होल्टेज 115 च्या खाली नको. दुसरा एसी सुरू होतो त्या क्षणी कान द्या. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढतो, आजारी मशीन तिथेच दम टाकतं. युरोपातून आलेली बोट असेल तर ती 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची असणार, इथल्या धक्क्यावर तिची वीज जुळवणं हा वेगळा खर्च. सर्व्हेअर हे सगळं करून देईल असं धरू नका, इंजिनचा वेगळा मेकॅनिक न्या. विकणारा दोन तास द्यायला तयार नसेल तर निघून या.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: जनरेटरऐवजी लिथियम बॅटऱ्या आणि सोलर पॅनेल चालतील का. हाच वाद गेली काही वर्षं आमच्या घरी दर गणपतीत होतो. साडू त्या रात्रीनंतर म्हणायला लागले की जनरेटर नकोच, छतावर पॅनेल लावा आणि निवांत झोपा. आकडे सांगतो. 12 हजार बीटीयूचा एसी पंपासकट साधारण 1 ते 1.2 किलोवॉट खातो. आठ तासांत कॉम्प्रेसर दोन-तृतीयांश वेळ चालला तरी सहा युनिटं लागतात. 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची एक लिथियम बॅटरी 1.28 युनिटं धरते, म्हणजे पाच बॅटऱ्या. त्या एका रात्रीत रिकाम्या होणार. 36 फुटी बोटीच्या छतावर 800 वॉटची पॅनेल बसवली तर चांगल्या उन्हाच्या दिवशी तीन-साडेतीन युनिटं परत येतात. पहिली रात्र निघते, दुसऱ्या रात्री मध्यरात्री एसी बंद. फ्लोरिडात ऑगस्टमध्ये दुपारी ढग येतात, तेव्हा त्याच्याही आधी. हे मी साडूंना कागदावर मांडून दाखवलं आहे. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

एवढं मात्र मान्य करायला हवं की एका छोट्या केबिनपुरता एसी, रोज तीन-चार तास बोट चालवणार आणि मुख्य इंजिनवर बॅटऱ्या चार्ज करणारा मोठा अल्टरनेटर, असा बेत असेल तर लिथियम उत्तम. रात्री आवाज नाही, धूर नाही. आमच्या बोटीवरही आता चार बॅटऱ्या आहेत. संध्याकाळी जनरेटर दोन तास पूर्ण लोडवर चालतो, एसी आणि चार्जर एकदम, आणि रात्री केबिनचा एसी बॅटरीवर. जनरेटरला हवा तो लोड मिळतो, माणसांना झोप. फक्त बॅटऱ्या एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या ई-13 मानकाप्रमाणे बसवा, विमा कंपनी विचारू शकते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीत, डिझेल असलं तरी. आणि मी ट्रॉलरबद्दल बोलतोय, शिडाच्या बोटीवर जागेचं गणित वेगळं.

तुमच्या 180 तासांच्या बोटीचं बोलायचं तर, अजून ती हवीच असेल तर विकणाऱ्याच्या परवानगीने हीट एक्स्चेंजरचं झाकण उघडून बघा. इंपेलर नवा दिसला तर विचारा, जुन्याची पाती कुठे गेली. बोट स्टुअर्ट ते फोर्ट पिअर्सच्या टापूत असेल तर इथेच लिहा. शनिवार मोकळा असतो, मी मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) घेऊन येतो आणि जनरेटरच्या वीज बनवणाऱ्या भागाची इन्सुलेशन तपासून देतो. आईवडील यायच्या आधी हे होऊ द्या.