आयएफआरएस (आर्थिक अहवालांची आंतरराष्ट्रीय मानकं) लागू केल्याने कंपनीच्या आर्थिक अहवालांचा दर्जा खरंच सुधारतो का?

सुधारतो, पण आपोआप नाही.

ठळक उदाहरण भाडेकरारांचं. पूर्वी विमान कंपनी वर्षानुवर्षांच्या कराराने विमानं भाड्याने घ्यायची आणि त्यातली बरीचशी ताळेबंदात दिसायचीच नाहीत. देणं कुठेतरी टिपांमध्ये. (ताळेबंदावर असलेल्या विमानातून एकदा तरी उडायचंय, असं ही मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाचे माजी अध्यक्ष डेव्हिड ट्वीडी गमतीने म्हणत.) २०१९ पासून आयएफआरएस १६ या मानकामुळे असे बहुतेक करार मालमत्ता आणि देणं म्हणून दाखवावे लागतात. कर्जाचा खरा आकडा समोर येतो.

रास्त मूल्याचं, म्हणजे मालमत्ता आज विकली तर बाजारात येईल त्या किमतीचं, मात्र तसं नाही. बाजारभाव मिळत नसेल तर किंमत मॉडेलने काढतात, आणि त्यातली गृहीतकं व्यवस्थापनच ठरवतं. डिस्काउंट रेट (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) जरासा हलवला की नफाही हलतो, तोही नियमात राहून!

युरोपीय संघाने २००५ मध्ये शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या एकत्रित हिशेबांसाठी ही मानकं सक्तीची केली. त्यानंतरच्या बऱ्याच अभ्यासांत फायदा मुख्यतः तिथे दिसला, जिथे नियामक कडक होता आणि अंमलबजावणीही सुधारली होती. म्हणून अहवाल हातात आला की मी आधी गृहीतकांची टीप उघडतो, नफा नंतर.