बुंदीचे एकवीस दिवस

"ताई, आम्ही पुण्यातच राहिलो असतो तर हे झालं नसतं ना?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच सईच्या आईने विचारलं. मी मुलांच्या मनाच्या प्रश्नांवर काम करते, त्यासाठीच ते माझ्याकडे आले होते. सोबत तिचा नवरा होता. तो काही बोलला नाही, मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत बसला.

साडेसहा वर्षांची सई दहा दिवसांपासून धड जेवत नव्हती. अंड्याला तर हातच लावत नव्हती. तीन वर्षांची असताना सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत आली होती. आणि एरवी तोंडाचा पट्टा चालू असलेली पोरगी हो-नाहीच्या पुढे जात नव्हती. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला घरच्यांची हरकत नाही.)

हे कुटुंब 2022 मध्ये पुण्यातलं भाड्याचं घर सोडून वाई तालुक्यातल्या वडिलोपार्जित 20 गुंठ्यांवर राहायला आलं. आईची नोकरी लॅपटॉपवरची, ती चालू राहिली. बाबांनी मात्र नोकरी सोडली. घराच्या मागे वांगी, घेवडा, लाल माठ, मांडवावर दोडका, बांधाला शेवगा, एका पट्ट्यात हळद. आणि खुराड्यात 17 कोंबड्या. शेजारच्या जुन्या घरात सईची आजी. गावातले लोक सुरुवातीला हसले, मग अंडी न्यायला येऊ लागले.

मार्चच्या शेवटी कोंबड्यांत मानमोडी आली. कोंबड्या पाळणाऱ्याला हा शब्द सांगावा लागत नाही. हिरवी पातळ विष्ठा, चोच उघडी ठेवून श्वास, मग मान पिळवटल्यासारखी वाकडी होते. सरकारी पुस्तकात हिला राणीखेत रोग म्हणतात. पाच दिवसांत 17 पैकी 15 गेल्या. त्यात सईची लाडकी, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची बुंदीही होती.

बुंदी तेव्हा खुडूक होती, अकरा अंड्यांवर बसलेली. पिल्लं निघायला एकवीस दिवस लागतात हे आजीने सांगितल्यापासून सई स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज एक फुली मारत होती. तेराव्या फुलीच्या रात्री बुंदी मेली. बाबांनी अंधारात खड्डा खणला, चुना टाकला, कोंबड्या पुरल्या, अंडीही त्यातच टाकली. सकाळी सईला सांगितलं, बाकीच्या कोंबड्या विकल्या आणि बुंदीला पिल्लं काढायला मावशीकडे ठेवलंय.

"रडली असती हो," आई म्हणाली. "परीक्षा चालू होती."

मी विचारलं, "मग तिने फुल्या मारायचं थांबवलं का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थांबवलं नव्हतं. चौदावी, पंधरावी, सोळावी, सगळ्या मारल्या होत्या. एकविसाव्या दिवशी सई उजाडायच्या आत उठून जवळजवळ रिकाम्या खुराड्यासमोर जाऊन बसली होती. आईला वाटलं, खेळतेय. त्या दिवसापासून तोंड मिटलं ते मिटलंच.

आईवडील माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा एकाच तयारीने: मुलाला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, ते तुम्ही सांगा. मी आधी उलटं विचारते. त्याला काय वाटतंय, हे कुणी विचारलंय का? इथेही कुणी विचारलं नव्हतं. आजीने तर विषयच संपवला होता. "आगं कोंबडीच ती. मेली तर मेली. मानमोडीनं दरसाली जात्यात." आजी खोटं बोलली नव्हती, हे खरं. पण तिच्या त्या वाक्यानंतर पोरीला रडायला जागाच उरली नव्हती. आणि हे वाक्य सईच्या कानावर पडलंय, हे आईबाबांना माहीतच नव्हतं.

सई एकटी माझ्याजवळ बसली तेव्हा मी कोंबडीचं नाव काढलं नाही. कागद आणि तेलखडू दिले, म्हटलं, तुमच्या घरामागे काय काय आहे ते मला दाखव, मी कधी आले नाही. तिने मांडव काढला, दोडके काढले, वांग्याचे वाफे अगदी ओळीत काढले, नळीतून पाणी सोडलं. मग उजव्या कोपऱ्यात तपकिरी खडूने एक गोल काढला आणि तो गिरवत राहिली. गिरवता गिरवता कागद फाटला.

"हे काय गं?"

"आळं आहे."

"कशाचं आळं?"

"झाड नाहीये त्यात." मग बऱ्याच वेळाने, "बाबांनी रात्री केलं. बॅटरी लावून."

तिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. बुंदीला पाटीत घातलेलंही पाहिलं होतं. तरीही पुढचे आठ दिवस ती फुल्या मारत राहिली, कारण आई म्हणाली होती की बुंदी मावशीकडे आहे, आणि आई खोटं बोलत नाही. मोठ्यांना हे अजब वाटतं. या वयाची मुलं मात्र दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरू शकतात, एक डोळ्यांनी पाहिलेली आणि एक आईने सांगितलेली. एकविसाव्या दिवशी त्यातली एक पडली.

मी विचारलं, "बुंदीला काय झालं असेल, तुला काय वाटतं?"

ती खडूचा कागद सोलत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तिला क्रीमचं बिस्कीट दिलं होतं. आई म्हणाली होती देऊ नको."

माझ्या कामात असे क्षण पुष्कळ येतात आणि तरी दर वेळी थोडं थांबावं लागतं. दहा दिवस ही पोर स्वतःला पंधरा कोंबड्यांची मारेकरी समजत होती. अंडं का खात नव्हती, तेही आता कळलं. हट्ट नव्हता तो.

मृत्यूबद्दल मुलांना काय आणि कधी कळतं, यावर बरंच काम झालेलं आहे. मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांचा हंगेरीतल्या बुडापेस्टच्या मुलांवरचा अभ्यास 1948 सालचा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मेलेलं परत येईल असं वाटतं, आणि मृत्यू सगळ्यांनाच, चुकवता न येणारा, हे नऊच्या पुढे पटतं, अशी साधारण मांडणी त्यात आहे. वयाच्या त्या रेघा आता इतक्या पक्क्या कुणी धरत नाही. माझा स्वतःचा अनुभव असा की परसात कोंबड्या, शेळ्या असलेल्या घरातल्या मुलांना 'परत येत नाही' हे लवकर कळतं. 'माझ्यामुळे झालं का' हा प्रश्न मात्र गावातल्या आणि शहरातल्या मुलांना सारखाच छळतो. आणि मोठ्यांनी जे लपवलं, ते मूल स्वतःच्याच खात्यावर मांडतं.

सईला मी तिथे काही समजावलं नाही. ते तिच्या आईबाबांनी करायचं होतं. एवढंच विचारलं की ही बिस्किटाची गोष्ट बाबांना सांगायची का, आणि मी शेजारी बसले तर चालेल का. तिने मान हलवली.

बाबांनी ऐकलं आणि ते रडायला लागले. सईने बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती घाबरून आईला चिकटली.

बाबांना बोलायला वाट करून दिली तेव्हा त्यांच्याकडून दुसरीच गोष्ट बाहेर आली. लस द्यायची राहिली होती. राणीखेतच्या लशीची कुपी निदान शंभर पक्ष्यांची असते, फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते, तोवर बर्फात ठेवावी लागते. घरात 17 कोंबड्या. म्हणजे चार-सहा घरं गोळा करून एका सकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना द्यायची, असं त्यांनी जानेवारीतच ठरवलं होतं. हळद काढणी आली, मग शिजवणं, वाळवणं. राहून गेलं. नोकरी सोडून आलेला माणूस, आणि साध्या कोंबड्या जगवता आल्या नाहीत, हे ते तेव्हापासून मनात घेऊन फिरत होते. त्या रात्री घाईघाईने सगळं पुरून टाकण्यात सईला वाचवण्याइतकीच स्वतःची लाज झाकायचीही धडपड होती. हे त्यांचे शब्द, माझे नाहीत.

एका घरात दोघं जण त्याच कोंबड्यांसाठी स्वतःला दोषी धरून बसले होते आणि जेवायला रोज शेजारी शेजारी बसत होते.

काय बोलायचं ते आम्ही मग ठरवलं. 'मेली' हाच शब्द वापरायचा. देवाघरी गेली, झोपली, लांब गेली यातलं काही नाही, कारण झोपली म्हटलं की काही मुलं झोपायला घाबरतात, आणि लांब गेली म्हटलं की वाट बघतात. नुसतं "आजारी होती म्हणून मेली" एवढंही पुरत नाही. परवा सईला सर्दी झाली की तिला तेच आठवेल. हा कोंबड्यांचा रोग आहे, तो एका वेगळ्याच विषाणूमुळे होतो, तुझी सर्दी तशी नाही, आणि बिस्किटाने होत नाही. मावशीकडे ठेवल्याचं आम्ही खोटं सांगितलं, ते चुकलं, हे आईने तोंडाने म्हणायचं. बाबांनी लशीचंही सांगायचं. पण स्वतःला बडवून घेत नाही, जसं झालं तसं. यावर आई थोडी अडली. "बाबांची चूक कळली तर तिचा विश्वास उडेल ना?" मी म्हटलं, विश्वास त्या एकविसाव्या सकाळी उडालाय. आता परत बसायला जागा हवी.

बाबांना लगेच नवी पिल्लं आणायची होती, त्याच ठिपक्यांची मिळाली तर बघत होते. मी नको म्हटलं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनीही नको म्हटलं, त्यांचं कारण वेगळं: खुराडं चुन्याने सारवून, जंतुनाशक मारून काही आठवडे रिकामं ठेवायला हवं. कारणं दोन, मुक्काम एकच, बरं झालं.

त्या संध्याकाळी काय झालं ते आईने फोनवर सांगितलं. तिघं त्या खड्ड्यापाशी गेले. सई सगळं ऐकून घेतल्यावर पहिला प्रश्न काय विचारते? "अंड्यातली पिल्लं पण मेली?" आईला हे अपेक्षित नव्हतं. "हो," ती म्हणाली. मग दुसरा. "आपण रविवारी खातो ती पण मेलेलीच असते?" तेही हो. आई मला विचारत होती, हे जास्त झालं का. नाही झालं. शहरात कोंबडी काळ्या पिशवीतून घरी येते, तिला नाव नसतं, एवढाच फरक. पुण्यात राहिलो असतो तर काय, या तिच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे याहून वेगळं उत्तर नव्हतं. सईने पुढचे दोन रविवार रस्सा खाल्ला नाही, फक्त भाकरी आणि घेवड्याची भाजी. तिसऱ्या रविवारी खाल्ला. कुणी आग्रह केला नव्हता.

त्या जागेवर लिंबाचं झाड लावू, अशी बाबांची कल्पना होती. सई नाही म्हणाली. तिने विटेचे तुकडे आणून गोल रचले. "आळंच राहू दे."

आजीला मी कधी भेटले नाही, पण खरी कामगिरी तिची. सून तिला सगळं बोलल्यावर तिने सईला बोलावून घेतलं आणि स्वतःच्या लहानपणची मानमोडी सांगितली. गावात एकही कोंबडा आरवेना झाला होता. मग तिची आई माहेराहून डालग्यात एक खुडूक कोंबडी घेऊन आली आणि शेजारणीच्या गावाहून आणलेल्या अंड्यांवर ती बसवली. सईने ही गोष्ट चार वेळा सांगायला लावली. "तू रडलेलीस?" असं विचारल्यावर आजी म्हणाली, "तर! तुर्रेवालीसाठी लई रडले." तिच्या तुर्रेवालीची गोष्ट सईच्या बाबांनाही माहीत नव्हती.

जेवण आठवडाभरात सुरळीत झालं, अंथरुणाचा त्रास तीनेक आठवडे चालला. तो महिना-दीड महिना उलटूनही चालला असता, शाळेत जायला नकार, रोजची रडारड, किंवा "मला पण मरायचंय" असं काही तोंडून आलं असतं, तर मी त्यांना नुसत्या फोनवर ठेवलं नसतं.

जूनमध्ये त्यांनी आठ पिल्लं आणली. लशीची सकाळ ठरली तेव्हा वाडीतली सहा घरं डालगी घेऊन अंगणात आली. लासोटा या राणीखेतच्या लशीचा एकेक थेंब प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात टाकायचा, सई एकेक पिल्लू ओंजळीत धरून द्यायची आणि मोठ्याने आकडा म्हणायची. त्या दिवशीच तिने आईला विचारलं, "ही पण मरतील?"

"हो. कधी ना कधी."

"मग नावं ठेवू का नको?"

आई म्हणाली, ते तू ठरव. आतापर्यंत आठातल्या दोघींनाच नाव मिळालंय.